मानकरी हो म्हणत नसत

आपण बोलत असताना समोरचा माणूस मधूनमधून डोकं हलवतो, हे एरवी आपल्या लक्षातही येत नाही. तो हलवेनासा झाला की मात्र जीव कासावीस होतो. मी पहिल्यांदा खोली मागायला गेले तेव्हा मानकरी ओटीवर वाल सोलत बसले होते. मी सांगितलं, कशेळ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले आहे, एकटीच आहे, स्वयंपाक स्वतः करीन, पाहुणेरावळे नाहीत. घाबरले की मी जास्त बोलते. ते माझ्याकडे नीट बघत होते, पण डोकं तसूभर हलत नव्हतं. ना वरखाली, ना आडवं. मला वाटलं, यांना ऐकू येत नसावं. म्हणून मी सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.

आतून त्यांची बायको, म्हणजे काकू, हात पुसत आल्या. "अवो बाई, आयकू येतं त्यांना. खोली दिली तुमाला. माझं डोकं बगा हालतंय ते. त्यांचं नका बगू."

अशी मी त्या घरात राहायला गेले आणि पुढची बरीच वर्षं राहिले. ही साठच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट. गाव कशेळ्याहून चालत जाण्याच्या अंतरावर. भाताची खाचरं, मागे डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी एक टेकडी. टेकडीवर पीर. गावात मुसलमानांची घरं मोजकीच, बाकी सगळे भातवाले शेतकरी, पण पीर सगळ्यांचा. चैत्रात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले की उरूस भरायचा, आणि उरसाचं संदल, म्हणजे उगाळलेल्या चंदनाचं ताट, या हिंदू घरातून निघायचं. घरातल्या कर्त्या पुरुषाने ते डोक्यावर घेऊन टेकडी चढायची, मगच पिराच्या कबरीवर गलेफ, म्हणजे चादर, चढायचा. म्हणून यांना मानकरी म्हणायचे. खरं नाव शाळेच्या कागदावर मी वाचलं होतं, पण गावात त्या नावाने हाक मारलेली कधी ऐकली नाही. हा मान या घराकडे कसा आला याच्या तीन गोष्टी मला सांगण्यात आल्या, आणि तिन्ही एकमेकींना खोट्या पाडणाऱ्या होत्या. कोणालाच त्याची फिकीर नव्हती. मला होती. मला गोष्टींचा निकाल लागलेला आवडतो. परीक्षानळीत रंग बदलला की बदलला, नाही तर नाही. या माणसाच्या घरात मी कशी टिकले, देव जाणे.

मानकरी हो म्हणत नसत आणि नाही असंही म्हणत नसत. चहा हवा असला तर हात पुढे करत, नको असला तर उठून गोठ्याकडे जात. उद्याबद्दल तर चकार शब्द नाही. "काका, सकाळची यष्टी असेल ना?" असं मी विचारलं की उत्तर यायचं, "फाट्यावर जावा नि बगा." पाऊस उघडेल का विचारलं तर, "वर बगा." सुरुवातीला मला हा तुसडेपणा वाटला. पण मी तापाने पडले तेव्हा हाच माणूस रोज सकाळी दाराबाहेर पाण्याची कळशी ठेवून जायचा, आणि दार वाजवायचा नाही. तुसडा माणूस असं करत नाही.

गावाने मानेचा आजार ठरवून टाकला होता. कर्जतच्या डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, सुटी मिळाल्यासारखी ती सगळीकडे वळत होती. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?" आणि उत्तराची वाट बघून बघून दुसरा पेशंट आत घेतला. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात तर कहर झाला. मुलाकडची माणसं नेरळहून आली होती. मुलाच्या बापाने हात जोडून विचारलं, "मग, पसंत म्हणायचं ना?" मानकरी खांबासारखे बसलेले. बाप घाबरला. त्याने मुलाच्या शेतीत अजून एक तुकडा वाढवून सांगितला. तरी डोकं हलेना. शेवटी काकू पदर खोचून माजघरातून बाहेर आल्या नि म्हणाल्या, "पसंत हाय, पसंत हाय. तुमची जमीन तुमच्यापाशी ठेवा." पुढे कितीतरी वर्षं ते व्याही सांगत होते की आपला व्याही व्यवहाराला फार पक्का आहे.

या सगळ्यावर हसावं की नाही हे मला कळत नसे. कारण दुसरी एक गोष्ट होती, तिच्यावर हसता येत नव्हतं.

कुठे गाणं-बजावणं असलं की मानकरी तिथे जाऊन दारात उभे राहायचे. आत नाही, दारात. एकादशीला देवळात भजन असलं की पायरीच्या खाली. डोंगरातल्या ठाकरांच्या वाडीत होळीचा नाच असला की अंगणाच्या कडेला. आणि आत जाण्याआधी, म्हणजे आत न जाण्याआधी, ते एकच प्रश्न विचारत. मी स्वतः ऐकला तो कर्जतला. रविवारी सकाळी बाजाराला म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. रेल्वेतल्या ख्रिस्ती लोकांचं एक लहानसं चर्च होतं, आतून पेटीचा आवाज येत होता. मानकऱ्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि दाराशी उभे राहिले. फादर वसईकडचे असावेत, मराठी चांगलं बोलत होते. ते म्हणाले, "या ना, आत बसा."

मानकऱ्यांनी विचारलं, "गाणं मदीच थांबवत नाय ना?"

फादर गोंधळले. "प्रार्थना संपली की थांबतं."

"तसं नाय. कोनाला काय झालं तर? कोन उभा राह्यला, पडला, तर थांबवता?"

"थांबवावंच लागेल. त्याला पाणी द्यावं लागेल."

मानकऱ्यांनी चपला पायात घातल्या आणि चालू लागले. मी मागून जवळजवळ पळत होते. हे काय, असं विचारलं तर म्हणाले, "मिरच्या घ्यायच्या ऱ्हायल्यात." भजनीबुवांनाही त्यांनी हेच विचारलेलं मला कळलं. बुवा म्हणाले होते, आरतीची वेळ झाली की थांबवावं लागतं. ठाकरांच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण तिथे ते वर्षातून दोनदा तरी जायचे, त्या अर्थी त्याचं उत्तर बरं असावं.

मी काकूंना छेडलं. काकू भाकऱ्या थापत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमाला कोनी सांगितलं नाय व्हय? वारं आलं होतं त्यांच्या अंगात. उरसात. यष्टी यायच्या आदी." आणि भाकरी उलटत, मीठ किती घातलं हे सांगावं तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं.

तेव्हा मानकरी तिशीच्या आतबाहेर. वडील नुकतेच गेलेले आणि ताट पहिल्यांदाच यांच्या डोक्यावर आलेलं. पीर, देव, कशाचंच फारसं वेड नव्हतं. मान आहे म्हणून करायचं, एवढंच. दिवसभराचा उपास, चैत्राचं ऊन, टेकडीची चढण. संदल पोचवलं, गलेफ चढला, आणि दुपारीच मांडवात कव्वाली सुरू झाली. गाणारे पनवेलकडून आलेले. मानकरी एका कडेला टेकून बसले होते. उर्दू त्यांना काडीची कळत नव्हती. गाणाऱ्याने एक ओळ दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली, आणि हे उठून उभे राहिले. डोळे उघडे, पण बघत कोणाकडेच नव्हते. डोकं वरखाली, वरखाली हलायला लागलं.

"आमच्या आळीच्या बायका काय नवीन नव्हत्या," काकू म्हणाल्या. "अंगात आलं की काय करायचं आमाला ठाव. कोनी हळद-कुंकू आनलं, कोनी लिंबू. पाटलीनबाय वरडली, ढोलक थांबवा रं, देव काय बोलतो ते आयकू द्या. थांबवला. मग इचारलं, कोन हायस तू? बोलंना. नुसतं डोकं हालत होतं. मग समद्यांनी इचारून घेतलं. हिरीला पानी ऱ्हाईल का? डोकं हाललं. गावात यष्टी येल का? हाललं. लाइट येल का? हाललं."

"आणि तुम्ही काय विचारलंत?"

काकूंनी तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकली. "मी नाय काय इचारलं. मला वाटलं, ह्ये परत माझं माणूस व्हतंय का नाय."

आणि सगळ्यांचं विचारून झाल्यावर चाचीने विचारलं होतं. चाची म्हणजे टेकडीच्या पायथ्याच्या घरातली मुसलमान विधवा. तिचा एकुलता मुलगा रागावून घरातून निघून गेला होता. मुंबईला गेला म्हणतात, बोटीवर चढला म्हणतात, कोणाला नक्की माहीत नाही. चाचीने विचारलं, माझा पोरगा येईल का. आणि डोकं हललं.

कशेळ्याच्या बाजारात मुजावरांचं शिलाईचं दुकान होतं. पिराची दिवाबत्ती त्यांच्या घराकडे. मी ब्लाउज टाकायच्या निमित्ताने गेले आणि विषय काढला. मुजावर मशीन थांबवून म्हणाले, "वारंबिरं काही नाही, बाई. तो हाल होता, गाण्यात भान हरपतं तो. माणसाला लागतो असा कधी कधी, कोणाकोणालाच. आमच्याकडे त्याची रीत असते. हालात असलेल्याला हात लावायचा नाही, बोलायचं नाही, विचारायचं तर नाहीच. बाकीच्यांनी उभं राहायचं. आणि ज्या ओळीवर तो उठला ती ओळ गाणाऱ्याने सोडायची नाही, तो आपणहून खाली बसेपर्यंत. मी ओरडत होतो, ढोलक थांबवू नका. माझं कोण ऐकतं? सगळं गाव लिंबं घेऊन धावलं." त्यांनी सुई दातात धरली, पुन्हा काढली. "माणूस जिना चढत होता आणि यांनी अर्ध्यावर जिनाच काढून घेतला. तो अजून तिथेच उभा आहे, बघा तुम्ही."

मी म्हटलं, पण तो हिंदू माणूस, त्याला कव्वालीत हाल कसा लागेल?

"ते माझ्या हातात असतं," मुजावर म्हणाले, "तर मी आधी स्वतःला लावून घेतला असता. पन्नास वर्षं दिवा लावतोय."

मला त्यांचा एकदम फार कळवळा आला, आणि ब्लाउजचं माप देताना मी चुकीचं दिलं.

आता माझं मत सांगते, कारण तेव्हा माझ्यापाशी मत होतं. दिवसभराचा उपास, ऊन, लोबानाचा धूर, ढोलकाचा ताल. मेंदूला रक्त कमी पडलं, भान हरपलं, ठेका अंगात राहिला आणि डोकं हलत राहिलं. त्यात होकार नाही आणि नकारही नाही. हे इतकं सरळ होतं की फळ्यावर काढून दाखवता आलं असतं. पण गावात याचा अर्थ होकार असाच झाला होता, आणि वाईट म्हणजे गावाचं खरं होत चाललं होतं. मी येण्यापूर्वीच यष्टी आली. पहिल्या गाडीला नारळ फोडले तेव्हा अर्धे टायरपुढे आणि अर्धे मानकऱ्यांच्या उंबऱ्यावर फोडले म्हणे. विहीर आटली नाही. आणि माझ्यादेखत लाइट आली. शाळेच्या व्हरांड्यात दिवा लागला, पोरं ओरडली, मोठी माणसंही ओरडली. त्या गर्दीत चाची होती. ती दिव्याकडे बघत नव्हती. मानकऱ्यांच्या बाहीला धरून म्हणाली, "बगितलंस? यष्टी आली, लाइट आली. आता त्योच ऱ्हायला."

मी मानकऱ्यांचा चेहरा पाहिला. घरात कोणी गेल्याची बातमी आल्यावर होतो तसा झाला होता.

दर गुरुवारी ते चाचीकडे जायचे. लाकडं फोडून द्यायचे, कौलं चाळून द्यायचे, पाणी भरायचे. चाची रोज संध्याकाळी मुलापुरती एक भाकरी जास्त करायची. गुरुवारी ती मानकऱ्यांना खावी लागे. वाया कशी घालवायची? ती भाकरी ते कशी खात असतील, हा विचार माझ्या मनात यायचा आणि मग मला माझं जेवण जायचं नाही.

एक दिवस मी फुटले. ओटीवर वालाचा ढीग होता, ते सोलत होते, मीही सोलायला बसले. म्हटलं, "काका, तुम्ही तिला सांगून का टाकत नाही? मी तुला हो म्हटलं नव्हतं, ते आपोआप हलत होतं, असं सांगा. ती बाई आयुष्यभर दाराकडे तोंड करून बसली आहे. तुमच्या एका शब्दाने सुटेल."

सालं एकीकडे, दाणे एकीकडे. मग म्हणाले, "मला तेवडं कळतं का नाय, बाई?"

"मग?"

"मी हो म्हनालो नव्हतो, हे मला कुटं ठाव हाय?"

माझ्या हातातला वाल निसटला.

"त्या टायमाला काय दिसलं म्हनून समदे इचारत्यात. काय दिसलं नाय. देव नाय, उजेड नाय. येवडंच कळलं, का कोनच गेल्यालं नाय. समदे होते. माझा बाप होता, म्हैना बी झाला नव्हता त्याला. आमची एक पोर पाळन्यात गेली होती, ती होती. मेलेली नाय, जिती नाय, नुस्ती होती. कोन कुटं जानार? जायाला जागाच नव्हती. ढोलक वाजत होता तंवर असं होतं. मग आवाज बंद झाला नि माजी मला आटवन आली, का मी कोन, ह्या बाया कोन. पन ते समदं जायच्या आदी, जाता जाता, चाचीचा आवाज आला. येल का माझा पोरगा? नि तो हितंच होता, बाई. समद्यांसंगं तो बी होता. मग मी काय केलं? डोकं आपलं हालत होतं का मी हालवलं? सांगा तुमी. तुमचं विज्ञान हाय."

फळ्यावरचा माझा मेंदू तिथल्या तिथे पुसला गेला.

"आता तिला सांगायचं, खोटं होतं," ते म्हणाले, "म्हंजे तिची आशा जानार. ती जाऊ दे, माणूस आशेबिगर बी जगतंय. पन मग माझ्यापाशी काय ऱ्हातं? जल्मात एकदाच काय ते खरं वाटलं. त्येच खोटं होतं म्हनून सांगू? नि नाय सांगितलं तर ती बसलीय तिथं, रोज भाकर थापून. मला येकदा पुरतं कळू द्या, बाई. ढोलक न थांबता. मग मी तिला काय ते सांगतो."

म्हणून ते दारोदारी उभे राहत होते. त्यांना पुन्हा तिथे जायचं होतं, पण आनंदासाठी नाही. एका म्हातारीला हो म्हणायचं की नाही, एवढं विचारून यायचं होतं. आणि म्हणून त्यांनी आपलं डोकं बांधल्यासारखं धरून ठेवलं होतं. चुकून पुन्हा कोणाला होकार जायला नको.

त्या दिवसानंतर मला त्यांचा राग येईनासा झाला, पण डोक्यातला गुंता वाढला. गावात प्रत्येकाकडे नाव तयार होतं. काकू वारं म्हणत, मुजावर हाल म्हणत, भजनीबुवा म्हणत पांडुरंगाची ओढ लागली होती आणि यांना समजलं नाही, फादरनीही काही तरी म्हटलं असतं. मीही म्हणत होते, रक्त कमी पडलं. फक्त ज्याला ते झालं त्याच्याकडे नाव नव्हतं. आणि खरं सांगते, मला त्याचंच पटत होतं.

एकदा चाचीकडे मी एकटीच गेले. सांगून टाकावं असं मनात होतं. तिने मला चहा दिला, आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "आमच्यात हालात असलेल्याला इचारत नाय. मला ठाव होतं. मुजावर वरडत होते ते मला आयकू येत होतं. पन समद्यांनी इचारलं नि माझं काळीज ऱ्हायना. मी बी इचारलं. गुन्हा झाला का गं?" मी म्हटलं, नाही हो चाची. चहा पिऊन परत आले.

सत्तरच्या दशकाचा मध्य उलटला असेल. चाचीने अंथरूण धरलं. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली आणि मी थेट तिच्याकडे गेले. पडवीत बाजेवर ती होती, इतकी लहान झालेली की गोधडीखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं. मुजावरांची बायको उशाशी बसून पुटपुटत कुराण वाचत होती. मानकरी पायाशी. त्यांनी सकाळपासून तिथून हलायचं नाव घेतलं नव्हतं. बाहेर लख्ख ऊन, आणि समोर टेकडीवर पिराची चुन्याची भिंत डोळ्यांवर येत होती.

चाचीने डोळे उघडले आणि मानकऱ्यांना बोटाने जवळ बोलावलं. ते उशाशी गेले. मुजावरीण वाचायची थांबली.

"आता सांग," चाची म्हणाली. "येल ना रं तो?"

माझ्या मनात दोन्ही गोष्टी एकदम ओरडत होत्या, हो म्हणा आणि नका म्हणू. आणि मग ते डोकं, मी इतक्या वर्षांत एकदाही हललेलं न पाहिलेलं ते डोकं, हळूच खाली गेलं. दुखतं आहे असं.

ते पुन्हा वर येण्याआधी चाचीचा हात गोधडीतून बाहेर आला. काटकीसारखा हात. तिने त्यांची हनुवटी धरली आणि डोकं तिथेच थांबवलं.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "ह्ये तू हालवतोयस."

"तवा तू हालवलं नव्हतंस," चाची म्हणाली. "मी समोरच होते. मला तेवडं पुरं हाय."

आणि तिने हनुवटी सोडून त्यांच्या गालावरून हात फिरवला, बाहेरून दमून आलेल्या मुलाच्या फिरवावा तसा. मानकरी रडायला लागले. मोठ्याने, आवाज काढून. मीही रडले, आणि कशासाठी रडते आहे ते मला समजत नव्हतं.

थोड्याच वेळात ती गेली. दाराकडे तोंड नव्हतं तिचं, हे मी मुद्दाम पाहिलं.

तिला काय म्हणायचं होतं? यावर मी किती तरी डोकेफोड केली आहे. हे खोटं आहे, तू मला बरं वाटावं म्हणून करतोस, असं म्हणायचं असेल, तर मुलगा येणार नाही हे तिला समजलं होतं. पण मग 'तेवढं पुरं आहे' कसं? की पहिलं खरं होतं, म्हणून दुसऱ्याची गरज नाही, असं? मग मुलगा का आला नाही? तो आलाच नाही, आजपर्यंत नाही. काकू म्हणाल्या, पिराने तिला उमज दिली. मुजावर म्हणाले, हालाची साक्ष देणारं गावात एवढं एकच माणूस निघालं, आणि ते आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. तिने मानकऱ्यांना सोडवलं की तो भार त्यांच्या डोक्यावर कायमचा ठेवला, हेही मला ठरवता येत नाही. माझा स्वभाव निकाल लावायचा, आणि आयुष्यातली ही एक गोष्ट निकाल न लागता तशीच पडून आहे.

दिवस मावळायच्या आत चाचीला टेकडीमागे पुरलं. मानकऱ्यांनी खांदा दिला, मूठभर माती टाकली. परत आले, विहिरीवर अंघोळ केली, आणि येऊन पाटावर बसले. समोर मी बसले होते, कारण त्या दिवशी काकूंनी मला वेगळी चूल पेटवू दिली नाही. कोणी बोलत नव्हतं. काकू नेहमीप्रमाणे भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि नेहमीप्रमाणे, उत्तराची वाट न बघता, वाढण्यासाठी वाकल्या.

"भात वाढू का?"

मानकऱ्यांनी डोकं हलवलं. वरून खाली, एकदा. साधं, भूक लागलेल्या माणसाचं.

काकूंचा हात पातेल्यातच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमी बी बगितलं ना?"

मी नुसतं डोकं हलवलं.